मोटारीतला पडदा : हात मोकळे, लक्षाचे काय?

मोटारीत बसायचे, फोन केबलने जोडायचा, की काही क्षणांत फोनमधला नकाशा समोरच्या डॅशबोर्डवरील पडद्यावर दिसू लागतो. गाणी तेथेच, फोनवरचे बोलणेही तेथेच. कोणाचा संदेश आला तर तो वाचून दाखवला जातो आणि आपण तोंडाने सांगितलेले उत्तर अक्षरांत उतरून परत पाठवले जाते. अ‍ॅपलचे कारप्ले आणि गूगलचे अँड्रॉइड ऑटो ही या सोयीची दोन प्रचलित रूपे. पूर्वी महागड्या गाड्यांत असणारी ही सोय आता मध्यम किमतीच्या गाड्यांतही असते. नवी गाडी घेताना 'यात फोन जोडता येतो ना?' हा प्रश्न हमखास विचारला जातो.

या सोयीच्या बाजूने मुख्य मुद्दा मांडला जातो तो सुरक्षिततेचा. फोन हातात घ्यावा लागत नाही, मान खाली घालावी लागत नाही, तेव्हा धोका टळला, असे हे म्हणणे. आमच्या मते ते अर्धेच खरे आहे. ते कोठवर खरे आहे आणि कोठे तोकडे पडते हे तपासण्यासाठी लागणारे गणित आपल्या नववीच्या पुस्तकाबाहेरचे नाही. म्हणूनच हा विषय आम्ही येथे घेतला आहे.

पडद्यामागे काय चालते?

पडदा गाडीचा आणि संगणक फोनचा, असे या यंत्रणेचे थोडक्यात वर्णन करता येईल. नकाशा शोधणे, रस्ता ठरवणे, गाणे उलगडणे ही सारी आकडेमोड फोन करतो. त्यातून तयार झालेले चित्र तो चलत्‌चित्राच्या रूपात गाडीकडे पाठवत राहतो. गाडी ते फक्त दाखवते. आपण पडद्यावर बोट टेकवले की बोट कोठे टेकले ती जागा गाडी फोनला कळवते, आणि त्यावर काय करायचे ते फोन ठरवतो. गाडीतील मायक्रोफोनवर पडलेला आपला आवाजही असाच फोनकडे जातो. हा सारा व्यवहार केबलमधून होतो. केबल नसेल तर ब्लूटूथने दोघांची ओळख पटते आणि पुढचे चित्र वाय-फायवरून जाते, कारण एवढी माहिती वाहून नेण्याची क्षमता ब्लूटूथमध्ये नाही.

कारप्लेची घोषणा मार्च २०१४ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात झाली. अँड्रॉइड ऑटो त्याच वर्षी जूनमध्ये जाहीर झाले आणि २०१५ मध्ये लोकांच्या हाती आले. मोटार एकदा घेतली की दहा-पंधरा वर्षे वापरली जाते. फोन मात्र तीन-चार वर्षांत जुना होतो. गाडीत कायमचा बसवलेला नकाशा त्यामुळे लवकरच शिळा होई. संगणकाचे काम फोनकडे सोपवल्याने ही अडचण दूर झाली. यंत्ररचना म्हणून ही कल्पना चांगली आहे, यात शंका नाही.

जमेची बाजू

या यंत्रणेचा खरा गुण ती काय देते यापेक्षा ती काय देत नाही यात आहे. फोनवरची सगळीच अ‍ॅप गाडीच्या पडद्यावर येत नाहीत. नकाशा, गाणी, संभाषण, वाहनतळ किंवा चार्जिंग केंद्राचा शोध अशा ठरावीक प्रकारांनाच तेथे परवानगी मिळते. परवानगी मिळालेल्या अ‍ॅपलाही आपले पडदे मनाप्रमाणे रंगवता येत नाहीत. यंत्रणेने आखून दिलेल्या साच्यांत माहिती भरायची, एवढेच त्याच्या हाती असते. अक्षरे मोठी, बटणे थोडी आणि याद्या आखूड. अँड्रॉइड ऑटोच्या साच्यांत तर एका कामासाठी पाचपेक्षा अधिक पायऱ्या ठेवता येत नाहीत. संदेश वाचून दाखवला जातो, त्याचा मजकूर पडद्यावर पसरला जात नाही.

या संयमाचा उपयोग होतो का? अमेरिकेतील एएए फाउंडेशन फॉर ट्रॅफिक सेफ्टी या संस्थेसाठी युटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये पाच मोटारींवर चाचण्या घेतल्या. गाडीची मूळची यंत्रणा आणि फोनवरून येणारी यंत्रणा यांची तुलना केली. फोनवरून येणाऱ्या यंत्रणेत कॉल लावायला सरासरी ५ सेकंद आणि जाण्याचे ठिकाण भरायला सरासरी १५ सेकंद कमी लागले. चालकाच्या मनावर पडणारा भारही कमी आढळला. म्हणजे गाडी कंपन्यांच्या गुंतागुंतीच्या पडद्यांपेक्षा ही सोय बरी ठरली. तिच्या बाजूचा हा पुरावा आपण मान्य केला पाहिजे.

मात्र येथे एक प्रश्न विचारायला हवा : बरी, पण कशाच्या तुलनेत?

डोळ्यांचा हिशेब

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात १६.७ मीटर अंतर कापते. पडद्यावर दोन सेकंद नजर गेली तर गाडी सुमारे ३३ मीटर पुढे गेलेली असते. आपल्या शाळेतील चार वर्गखोल्या एका ओळीत मांडल्या तर साधारण एवढी लांबी भरेल. एवढे अंतर चालकाने जवळजवळ डोळे मिटून कापले.

दोन सेकंद हा आकडा आम्ही सहज घेतलेला नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया येथे शंभर मोटारींत कॅमेरे बसवून सुमारे वर्षभर चालकांचे निरीक्षण करण्यात आले. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. रस्त्यावरून दोन सेकंदांपेक्षा अधिक काळ नजर हटली की अपघाताचा किंवा थोडक्यात वाचण्याचा संभव किमान दुप्पट होतो, असे त्यात आढळले. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये गाडीतील पडद्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एका वेळी नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त हटू नये आणि एका कामासाठी एकूण बारा सेकंदांपेक्षा जास्त लागू नयेत, असे त्यांत म्हटले आहे. या सूचना पाळणे कंपन्यांना बंधनकारक नाही. आणि बारा सेकंद म्हणजे ताशी ६० किलोमीटरने २०० मीटर, हेही विसरता येत नाही.

स्पर्शपडद्याची अडचण त्याच्या सपाटपणात आहे. जुन्या गाडीत आवाज कमी-जास्त करण्याची गोल चकती बोटांना न पाहता सापडत असे. तिला कड होती, ती फिरवताना टकटक लागत असे. काचेवर काढलेल्या बटणाला कड नसते. त्यामुळे बोट योग्य जागी पडले का हे पाहण्याचे काम डोळ्यांवर येते. स्वीडनमधील 'वी बिलेगारे' या मोटारविषयक नियतकालिकाने २०२२ मध्ये याची सोपी चाचणी घेतली. ताशी ११० किलोमीटर वेगाने जाताना चालकांना चार साधी कामे करायला सांगितली. २००५ सालच्या, बटणे असलेल्या व्होल्वो गाडीत ती दहा सेकंदांत, म्हणजे ३०६ मीटर अंतरात पुरी झाली. सर्वांत मागे पडलेल्या नव्या गाडीत त्याच कामांना ४४.६ सेकंद लागले. तेवढ्या वेळात गाडी तेरा-चौदाशे मीटर पुढे गेली. ही चाचणी गाड्यांच्या स्वतःच्या पडद्यांची होती, फोनवरून येणाऱ्या यंत्रणेची नव्हती. पण काच तीच आणि बोटही तेच. फोनवरची सोय कितीही नेटकी असली तरी ती याच काचेवर उमटते.

युरोपात गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केले की, २०२६ पासून दिशादर्शक दिवे, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न यांसारख्या गोष्टींसाठी खरीखुरी बटणे वा दांडे असणे पूर्ण गुणांसाठी आवश्यक राहील. बटणांची गरज अशा रीतीने पुन्हा मान्य झाली.

मनाचा हिशेब

यावर उत्तर दिले जाते की, मग बोटाने करूच नका, तोंडाने सांगा. हात चाकावर, डोळे रस्त्यावर. आता तक्रार कसली?

तक्रार मनाची आहे. युटा विद्यापीठातील डेव्हिड स्ट्रेयर आणि विल्यम जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गाडी चालवण्यासारखे काम करणाऱ्यांना मधूनच लाल दिवा दाखवला जाई. फोनवर बोलताना त्यांच्याकडून दिवा निसटण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट झाले. फोन हातात असो वा नसो, परिणामात फरक पडला नाही. नुसता रेडिओ ऐकणाऱ्यांत मात्र असा परिणाम दिसला नाही. ऐकणे वेगळे, आणि ऐकून, विचार करून, उत्तर जुळवणे वेगळे. दुसऱ्या कामाला अवधान लागते, आणि ते रस्त्याच्या वाट्यातूनच काढले जाते.

डोळे उघडे असून दिसत नाही, हे पटवून द्यायला डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांचा १९९९ चा प्रयोग उत्तम आहे. चेंडू किती वेळा फेकला गेला हे मोजण्यात गुंतलेल्या प्रेक्षकांपैकी जवळजवळ निम्म्यांना मधोमध येऊन छाती बडवून गेलेला गोरिलाच्या वेषातील माणूस दिसलाच नाही! प्रकाश डोळ्यांत शिरला होता, प्रतिमा दृष्टिपटलावर पडली होती. कमी पडले ते अवधान.

आणखी एक गोष्ट. काम संपले म्हणजे मन लगेच रस्त्यावर परत येते असे नाही. एएए फाउंडेशनसाठीच २०१५ मध्ये झालेल्या अभ्यासात तोंडी आज्ञा देऊन झाल्यावरही काही यंत्रणांच्या बाबतीत चालकाचे मन पूर्ववत व्हायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागला. ताशी ४० किलोमीटरनेसुद्धा तेवढ्या वेळात गाडी ३०० मीटर जाते.

मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोललेले कसे चालते? युटाच्याच गटाने २००८ मध्ये याचा अभ्यास केला. शेजारचा माणूस रस्ता पाहत असतो. वळण आले, समोर गर्दी दिसली, की तो बोलणे थांबवतो किंवा रस्त्याविषयीच बोलू लागतो. दूरच्या फोनवरच्या माणसाला समोर काय आहे ते दिसत नाही. आलेला संदेश वाचून दाखवणाऱ्या यंत्रालाही चालकाच्या मनात त्या क्षणी काय चालले आहे याची कल्पना नसते.

आकडे कसे वाचावेत?

मार्च २०२० मध्ये ब्रिटनमधील आयएएम रोडस्मार्ट या संस्थेने एक अहवाल प्रसिद्ध केला. टीआरएल या वाहतूक प्रयोगशाळेत, कृत्रिम रस्त्यावर गाडी चालवण्याच्या यंत्रात चालकांना बसवून प्रतिसादकाल मोजला होता. एरवीपेक्षा तो कितीने वाढला? अँड्रॉइड ऑटो तोंडी आज्ञांनी वापरताना ३० टक्के, कारप्ले तोंडी वापरताना ३६ टक्के. स्पर्शाने वापरताना अनुक्रमे ५३ आणि ५७ टक्के. मद्याच्या कायदेशीर मर्यादेवर असलेल्या चालकासाठी हाच आकडा १२ टक्के दिला होता.

वृत्तपत्रांना मथळा मिळाला : दारूपेक्षा पडदा वाईट. असा निष्कर्ष काढण्याची घाई आपण करू नये. मद्याचा आकडा याच चालकांवर मोजलेला नव्हता, तो आधीच्या एका अभ्यासातून घेतलेला होता. नव्या चाचणीतील चालकही फार नव्हते. शिवाय पडद्याचा परिणाम पडदा वापरताना आणि त्यानंतर थोडा वेळ होतो. मद्याचा परिणाम सबंध प्रवासभर राहतो आणि त्यात निर्णयशक्तीही बिघडते. दोन टक्केवाऱ्या शेजारी मांडल्या म्हणजे तुलना झाली असे नव्हे, हे विद्यार्थ्यांना शिकवण्याची ही चांगली संधी आहे.

पण एवढी काटछाट केल्यावरही जे उरते ते थोडे नाही. समजा, सावध चालकाला पाय ब्रेकवर न्यायला १ सेकंद लागतो. ५७ टक्के वाढ धरली तर १.५७ सेकंद. ताशी ६० किलोमीटर वेगाला या ०.५७ सेकंदात गाडी आणखी ९.५ मीटर पुढे जाते. ब्रेक लागल्यावर वेग दर सेकंदाला ६ मीटर प्रतिसेकंद या दराने कमी होतो असे धरू. आता कल्पना करा, रस्त्यात एक मूल आले आणि सावध चालकाची गाडी त्याच्या अगदी पुढ्यात येऊन थांबली. पडद्यात गुंतलेल्या चालकाची गाडी त्याच जागी पोचेल तेव्हा तिला थांबायला अजून ९.५ मीटर हवे असतील. v² = २as या सूत्रात आकडे घाला : २ × ६ × ९.५ = ११४. वर्गमूळ १०.७ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ३८ किलोमीटर. एक गाडी जेथे थांबली, तेथे दुसरी ताशी ३८ किलोमीटर वेगाने आदळते. अर्ध्या सेकंदाचा अर्थ असा आहे.

आता २०१८ चा अनुकूल अभ्यास आणि २०२० चा प्रतिकूल अभ्यास यांचा मेळ घालता येतो. त्यांच्यात विरोध नाही. पहिल्याने विचारले, 'हे काम गाडीच्या मूळ यंत्रणेवर करण्यापेक्षा येथे करणे बरे का?' उत्तर आले, होय. दुसऱ्याने विचारले, 'हे काम करण्यापेक्षा न करणे बरे का?' उत्तर आले, नक्कीच. विक्रेता पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला जोडून देतो, आणि आपली गफलत तेथे होते.

पडदा कोणाचा, जबाबदारी कोणाची?

या पडद्याच्या मालकीवरून सध्या ओढाताण चालू आहे. जनरल मोटर्सने २०२३ मध्ये आपल्या पुढील विजेवरील गाड्यांतून कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो वगळण्याचे जाहीर केले. उलट अ‍ॅपलने मे २०२५ मध्ये अ‍ॅस्टन मार्टिन गाड्यांपासून कारप्लेचे असे रूप आणले की ते वेगदर्शकासह चालकासमोरचे सगळे पडदे व्यापते. ग्राहक कोणाच्या हाती राहणार, हा या वादाचा गाभा आहे. त्यात चालकाच्या अवधानाची बाजू मांडायला कोणी नाही. संयम हा या यंत्रणेचा गुण होता असे आम्ही वर म्हटले. स्पर्धेत पहिला बळी जाण्याची भीती त्याच गुणाला आहे, कारण 'आमच्या पडद्यावर कमी गोष्टी करता येतात' अशी जाहिरात कोणी करत नाही.

कायदा काय म्हणतो? २०१९ च्या दुरुस्तीनंतर आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातातील संपर्कसाधन वापरणे हे धोकादायक चालवण्यात धरले आहे. २०२० मध्ये नियमांत स्पष्ट करण्यात आले की असे साधन केवळ रस्ता पाहण्यासाठी आणि चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीनेच वापरावे. 'एकाग्रता' हा शब्द नियमात आला ही समाधानाची बाब आहे. पण हात दिसतो, एकाग्रता दिसत नाही. पोलिसाला चालकाच्या हातातील फोन दिसेल, त्याच्या मनात घोळणारा संदेश कसा दिसणार? तेथे नियम पाळणारा आणि पाळायला लावणारा एकच असतो, तो म्हणजे चालक स्वतः.

वर्गात करून पाहा

एक मीटरपट्टी घ्या. एका विद्यार्थ्याने ती उभी लोंबती धरावी. दुसऱ्याने शून्याच्या खुणेशी चिमूट उघडी ठेवावी. पहिल्याने न सांगता पट्टी सोडायची, दुसऱ्याने पकडायची. किती सेंटिमीटर घसरली ते लिहून ठेवा. असे दहा वेळा करा. मग पट्टी पकडणाऱ्याला २०० पासून सात-सात वजा करत मोठ्याने उलटे मोजायला सांगा आणि पुन्हा दहा वेळा करा. दोन्ही सरासऱ्यांवरून t = √(२d/g) या सूत्राने वेळ काढा. २० सेंटिमीटर म्हणजे सुमारे ०.२० सेकंद आणि ४५ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ०.३० सेकंद. नजर दोन्ही वेळा पट्टीवरच होती आणि हातही मोकळाच होता. मग फरक कशाचा पडला, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.

दुसरा प्रयोग उभ्या गाडीत करायचा. गाडी मोकळ्या जागी उभी, हँडब्रेक ओढलेला, आणि चालकाच्या जागी शिक्षक. शिक्षकांनी समोर पाहत राहायचे आणि पडद्यावर एक ठिकाण शोधायचे, एक गाणे लावायचे, एक संदेश पाठवायचा. शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याने नजर किती वेळा हटली आणि एकूण किती सेकंद लागले ते मोजायचे. त्या सेकंदांना १६.७ ने गुणून मिळालेले मीटर मग शाळेच्या मैदानावर पावलांनी चालून पाहायचे. फळ्यावरचा आकडा पायांना कळतो, तेव्हा तो लक्षात राहतो.

आमचा अभिप्राय असा : हातातल्या फोनपेक्षा हा पडदा बरा आहे आणि नकाशासाठी तो उपयुक्त आहे. ठिकाण निघण्यापूर्वी भरावे, गाणी निघण्यापूर्वी लावावीत, आणि वाटेत पडद्याने फक्त वळणे सांगावीत. संदेश आणि बोलणी गाडी थांबेपर्यंत थांबू शकतात. आणि शेजारी कोणी बसले असेल तर पडद्याचे काम त्याच्याकडे द्यावे. आज दहावी-बारावीत असलेली मुले दोन-चार वर्षांत चालकाच्या जागी बसतील. आज ती शेजारच्या जागेवर बसून आपल्याला पाहत आहेत. आपण चालत्या गाडीत पडद्याकडे किती वेळा पाहतो याची मोजणी त्यांनी केव्हाच सुरू केली असेल.